चांगला बर्गर कशाला म्हणावे? एका डॉक्टरचे मत

"डॉक्टर, बर्गर खाल्लेला चालतो का?" हा प्रश्न माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा रुग्ण नसते. रुग्णाची आई असते, नाहीतर बायको. उत्तर त्यांनी मनात आधीच ठरवलेले असते. मी "अजिबात नाही" म्हणावे आणि घरी जाऊन "बघ, डॉक्टरांनीही सांगितलंय" असे त्यांना म्हणता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

मी तसे उत्तर देत नाही. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला एक गोष्ट नक्की कळली आहे, ती म्हणजे "बंद करा" म्हटलेले पदार्थ सहसा बंद होत नाहीत, ते फक्त डॉक्टरांना सांगणे बंद होते. म्हणून मी उलट चार प्रश्न विचारतो. कोणता बर्गर? कुठला? केवढा? आणि कशासोबत?

बर्गर खाऊ नका असे सांगणारे लेख तुम्ही भरपूर वाचले असतील. आज मी चांगला बर्गर कसा असतो ते सांगणार आहे. माझे मत सुरुवातीलाच मांडतो. हॉटेलातला बर्गर ज्या गोष्टींमुळे चवदार होतो, त्यांपैकी बहुतेक गोष्टींमुळे तो शरीरालाही कमी त्रासाचा होतो. ताजा माल, मागणी आल्यावर केलेली पॅटी, मोजके घटक आणि आटोपशीर आकार, या त्या गोष्टी. फक्त तीन ठिकाणी चव आणि आरोग्य यांचे पटत नाही. तिथे मात्र आरोग्याचेच ऐकायचे, चवीने गप्प बसायचे. ती तीन ठिकाणे पुढे येतीलच.

मुळात बर्गर म्हणजे काय?

बर्गर या शब्दाचे मूळ जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या नावात आहे. जर्मन स्थलांतरितांबरोबर गोमांसाच्या खिम्याचा 'हॅम्बुर्ग स्टेक' अमेरिकेत गेला आणि तिथे कोणीतरी तो पावाच्या दोन तुकड्यांत घातला. तो 'कोणीतरी' नेमका कोण, यावर अमेरिकेतली चार-पाच गावे आजही हक्क सांगतात. १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात 'व्हाइट कॅसल' सुरू झाले आणि बर्गरची साखळी दुकाने जन्माला आली. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे मॅक्डोनाल्ड बंधूंनी आपल्या उपाहारगृहातली पदार्थांची लांबलचक यादी छाटून टाकली आणि कारखान्यातल्यासारखे एका रांगेत बर्गर तयार करायला सुरुवात केली. आपल्याकडे ही कंपनी १९९६ मध्ये दिल्ली आणि मुंबईत आली, तीही गोमांस वगळून. आलू टिक्की बर्गर तेव्हापासून आपल्या मुलांच्या वाढदिवसाचा भाग झाला.

या इतिहासातली एक गोष्ट लक्षात ठेवा. सुरुवातीचे बर्गर लहान असत. मॅक्डोनाल्डच्या साध्या बर्गरची पॅटी एका पौंडात दहा या हिशोबाची, म्हणजे कच्ची असताना जेमतेम ४५ ग्रॅमची. आज 'गुर्मे' म्हणवणाऱ्या हॉटेलात १८०-२०० ग्रॅमच्या पॅट्या मिळतात, कधी कधी एकावर एक दोन. पदार्थाचे नाव तेच राहिले, पण पोटात जाणारा ऐवज चौपट झाला.

पॅटी : सगळा खेळ खिम्याचा

चांगल्या बर्गरची पहिली खूण म्हणजे पॅटीला स्वतःची चव असते. अमेरिकेतले चांगले स्वयंपाकी खिम्यात साधारण २० टक्के चरबी ठेवतात. त्याहून कमी असेल तर पॅटी कोरडी होते, आणि फार जास्त असेल तर तव्यावर आक्रसून तेलकट होते. आपल्याकडे मटणाचा किंवा चिकनचा खिमा असतो. नुसत्या चिकन ब्रेस्टचा खिमा भुशासारखा लागतो; तंगडीचे मांस मिसळले की तोच खिमा रसदार होतो.

दुसरी गोष्ट मिठाची. खिम्यात मीठ आधीच घालून तो मळत बसले की मांसातली प्रथिने विरघळून एकमेकांना चिकटतात आणि पॅटी रबरासारखी घट्ट होते. सॉसेजला तेच हवे असते, बर्गरला नको असते. म्हणून जाणकार आचारी खिमा हलक्या हाताने थापतो आणि तव्यावर टाकायच्या वेळी फक्त वरून मीठ भुरभुरवतो.

तिसरी गोष्ट तव्याची. पॅटीला जो खमंग तपकिरी थर येतो, त्यामागे 'मेलार्ड प्रक्रिया' असते. लुई कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. साधारण १४० अंश सेल्सियसच्या वर प्रथिनांतले घटक आणि शर्करा यांच्यात वेगाने अभिक्रिया होते आणि शेकडो सुगंधी द्रव्ये तयार होतात. भाकरीवरचे तपकिरी डाग, वाटणासाठी भाजलेले कांदा-खोबरे, यांचा वास त्याच कुटुंबातला. मात्र पाणी असेपर्यंत पृष्ठभागाचे तापमान शंभराच्या वर जात नाही. म्हणून तवा कडक तापलेला आणि पॅटी वरून कोरडी हवी. थंड तव्यावर एकदम दहा पॅट्या टाकल्या की त्या भाजल्या न जाता स्वतःच्या पाण्यात उकडतात. त्या करड्या रंगाच्या पॅटीची चव झाकायला मग तीन सॉस लागतात.

डॉक्टर म्हणून मला इथे रस आहे. चांगल्या भाजलेल्या पॅटीला सॉस कमी लागतो, चीज कमी लागते, मीठही कमी लागते. फालतू पॅटीवरच सगळ्यांचा थर चढवावा लागतो. बर्गरमधल्या अनावश्यक कॅलरी बहुतेक या झाकाझाकीतून येतात.

भाजणे म्हणजे करपवणे नव्हे, हेही सांगून ठेवतो. मांस काळे पडेपर्यंत जाळले की त्यात काही नकोशी रसायने तयार होतात. काळा कोळसा झालेला भाग काढून टाका.

आपल्याकडचे बहुतेक 'क्रिस्पी चिकन' बर्गर तव्यावरचे नसून पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले असतात. तो चुरा तेल शोषतो. त्यात तेल पुन्हा पुन्हा तापवलेले असेल तर प्रश्न वाढतो. तळणीच्या तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांहून वाढली की ते तेल वापरायचे नाही, असा नियम आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून लागू केला आहे. तुमच्या-माझ्याकडे मोजायचे यंत्र नसते, पण नाक असते. दुकानात शिरताच जुन्या तेलाचा खवट वास आला, तर तसेच बाहेर पडावे.

पाव : पॅटीचा नोकर

पावाचे काम पॅटी धरून ठेवणे आणि तिचा रस टिपणे, एवढेच. तो मऊ हवा, किंचित गोड चालतो, आणि आतल्या बाजूने लोण्यावर शेकलेला हवाच. शेकल्याने आतला पृष्ठभाग कडक होतो आणि रसाने पाव भिजून तुटत नाही. दोन्ही हातांत धरून चावताना मागच्या बाजूने अर्धा ऐवज ताटलीत पडत असेल, तर पाव आणि पॅटी यांचे प्रमाण चुकले आहे.

आपल्या हॉटेलांत पाव हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मोठा, फुगलेला, केकसारखा गोड, आणि आत नखाएवढी पॅटी. साधारण ६० ग्रॅमच्या एका बनमध्ये तीसेक ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे दोन फुलक्यांइतकी, तीही मैद्याची. माझे मत विचाराल तर आपला ताजा लादीपाव हा या कामाला उत्तम. लहान, मऊ, फारसा गोड नसलेला आणि रोज भाजला जाणारा. लादीपावात केलेले छोटे बर्गर देणारी हॉटेले मला शहाणी वाटतात.

'ब्राउन बन' या शब्दाला भुलू नका. नुसता रंग घालूनही पाव तपकिरी होतो. आणि कोळसा घातलेल्या काळ्या पावाची फॅशन माझ्या डोक्यावरून जाते. विषबाधेत आम्ही कोळसा देतो तो विष शोषून घेण्यासाठी. तो औषधेही शोषू शकतो. रोज थायरॉईडची, फिटची किंवा हृदयाची गोळी घेणाऱ्याने त्याच्या वाटेला जाण्याचे कारणच काय?

चीज, सॉस आणि भाज्या

बर्गरवरचे चीज सुंदर वितळते, कारण प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मेद आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार घातलेले असतात. त्या क्षारांतही सोडियम असते. एक स्लाइस पुरे. 'डबल चीज'ने चव दुप्पट होत नाही, फक्त पॅटी हरवते.

सॉसचेही तेच. एक टेबलस्पून मेयोनीज म्हणजे नव्वद-शंभर कॅलरी. बाटली दोनदा दाबली की पाव चपातीइतक्या नव्हे, दोन चपात्यांइतक्या कॅलरी आत जातात. चांगल्या बर्गरला काहीतरी आंबट-तिखट हवे असते, कारण आंबटपणा मेदाला कापतो. व्हिनेगरमधली काकडी, मोहरीचा सॉस, पातळ चिरलेला कांदा हे काम करतात. आपली पुदिना-कोथिंबिरीची हिरवी चटणी तर फारच छान करते.

चव आणि आरोग्य यांचे पहिले भांडण : अर्धकच्चा खिमा

आता ती तीन ठिकाणे. पहिले सगळ्यात महत्त्वाचे.

काही महागड्या हॉटेलांत बर्गर मागवला की वेटर विचारतो, "सर, मीडियम की वेल डन?" परदेशात फिरायला गेलेल्यांना आणि तिथे शिकणाऱ्या मुलांना तर हा प्रश्न हमखास येतो. आतून गुलाबी, रसदार बर्गर हीच खरी रसिकता, असे मानणारे बरेच आहेत. यावर माझे उत्तर एकच आहे. खिमा असेल तर पूर्ण शिजलेलाच खा.

कारण समजून घ्या. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः बाहेरच्या पृष्ठभागावर. तो तुकडा दोन्ही बाजूंनी कडक भाजला की बाहेरचे जंतू मरतात आणि आत थोडे कच्चे राहिले तरी धोका बराच कमी असतो. खिमा करताना मात्र बाहेरचा भाग आत जातो आणि आतला बाहेर येतो. पृष्ठभागावरचे जंतू पॅटीच्या मध्यापर्यंत पोचतात. शिवाय मोठ्या कारखान्यातल्या एका पॅटीत अनेक जनावरांचे मांस मिसळलेले असू शकते.

'ई. कोलाय ओ१५७:एच७' या जंतूमुळे होणारा आजार प्रथम ओळखला गेला तो १९८२ मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगॉन आणि मिशिगन राज्यांत, फास्ट फूडच्या हॅम्बर्गरमधूनच. १९९३ च्या सुरुवातीला 'जॅक इन द बॉक्स' या साखळीच्या कमी शिजलेल्या बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. हा जंतू आतड्यात एक विष तयार करतो. रक्ती जुलाब होतात आणि काही मुलांत ते विष रक्तपेशी फोडते, मूत्रपिंडे निकामी करते. एका चुकीच्या बर्गरमुळे पाच वर्षांच्या मुलाला डायलिसिस लागू शकते. १९९४ मध्ये अमेरिकी सरकारने कच्च्या गोमांस खिम्यात हा जंतू सापडणे म्हणजे भेसळ, असे जाहीर केले. खिम्याचे मांस आतून ७१ अंश सेल्सियस आणि चिकन ७४ अंश सेल्सियसपर्यंत शिजवावे, असे तिथला कृषी विभाग सांगतो.

रंगावर विसंबू नका. कधी पुरेसा शिजण्याआधीच खिमा तपकिरी दिसतो, तर कधी पुरेसा शिजूनही गुलाबी राहतो. चांगल्या स्वयंपाकघरात पॅटीत खुपसायचा थर्मामीटर असतो. आपल्याकडे जास्त धोका चिकनचा, त्यातल्या साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर या जंतूंचा. गोठवलेली जाड पॅटी घाईत तळली तर बाहेरून खरपूस आणि मध्यभागी गार राहते. पहिला घास घेतल्यावर मध्यभागी गार किंवा चिकट लागले तर ताटली सरळ परत पाठवा. यात संकोच कसला?

या भांडणावर तोडगाही स्वयंपाक्यांनीच काढला आहे. खिम्याचा गोळा कडक तव्यावर पडताक्षणीच दाबून पातळ करायचा. याला 'स्मॅश बर्गर' म्हणतात. पातळ पॅटी दोन-तीन मिनिटांत आरपार शिजते आणि तपकिरी थर भरपूर मिळाल्याने कोरडी लागत नाही. पूर्ण शिजलेला बर्गर बेचव असतो, हा समज या एका युक्तीने खोटा ठरवला आहे.

दुसरे भांडण : कच्च्या अंड्याचे मेयोनीज

घरगुती पद्धतीच्या ताज्या मेयोनीजची चव बाटलीतल्यापेक्षा सरस असते, हे मान्य. पण ते कच्च्या अंड्याचे असते. साल्मोनेला अंड्याच्या कवचावर आणि क्वचित आतही असू शकतो. मे महिन्यातल्या दुपारी, रस्त्याकडेच्या गाडीवर, उघड्या डब्यात सहा तास राहिलेल्या मेयोनीजमध्ये काय होत असेल याची कल्पना करा. केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, ती विषबाधेच्या घटनांनंतर. महाराष्ट्रात असाल तरी स्वतःपुरती बंदी तुम्ही आजच घालू शकता. हॉटेलात विचारा, मेयोनीज अंड्याचे की बिनअंड्याचे? इथेच केलेले की बंद पाकिटातले? फ्रिजमध्ये ठेवता का? उत्तर देताना समोरचा गडबडला, तर "सॉस नको" म्हणा.

कच्च्या भाज्यांनाही हेच लागू. २०२४ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या साखळीच्या बर्गरमधून ई. कोलायची लागण होऊन शंभरावर लोक आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. तपासात संशय आला तो चिरलेल्या कच्च्या कांद्यावर. म्हणजे पॅटी पूर्ण शिजली तरी कांदा, लेट्यूस, टोमॅटो स्वच्छ हवेत आणि चिरून तासन् तास उघडे पडलेले नकोत. पावसाळ्यात अनोळखी ठिकाणी मी स्वतः लेट्यूस काढून ठेवतो.

तिसरे भांडण : मीठ

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चमचाभर. बर्गरमध्ये मीठ पाच दारांनी येते : पाव, पॅटी, चीज, सॉस आणि लोणच्यातली काकडी. सोबत फ्राईज घेतले की सहावे दार उघडते. भरगच्च बर्गर आणि फ्राईज एवढ्यातच दिवसाच्या मिठाचा अर्धा कोटा सहज संपतो. निरोगी तरुण ते निभावून नेईल. पण हृदय कमकुवत असलेले काका रविवारी नातवंडांबरोबर असे जेवण करतात आणि सोमवारी पायावर सूज, दम लागणे अशा तक्रारी घेऊन येतात, हे मी पाहिले आहे. फ्राईजवर मीठ घालू नका असे सांगता येते, ते जरूर सांगा.

खरा गुन्हेगार सोबत बसलेला असतो

माझे सगळ्यात ठाम मत आता सांगतो. मधुमेह आणि वजन यांच्या बाबतीत मला बर्गरपेक्षा 'कॉम्बो'ची जास्त भीती वाटते.

साधा हिशोब करू. मध्यम चिकन बर्गर साधारण ४०० ते ४५० कॅलरी. मध्यम फ्राईज तीनशेच्या आसपास. नेहमीच्या कोला पेयात १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. अर्धा लिटर म्हणजे ५० ग्रॅमहून अधिक, दहा चमच्यांच्या वर. कॅलरी आणखी दोनशे. बर्गर एकटा असता तर ते एक जेवण झाले असते. कॉम्बो झाल्यावर ती दोन जेवणे होतात, आणि पोटाला मात्र एकाचीच जाणीव राहते. दिवसाची साखर ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा अख्खा कोटा एका ग्लासात संपतो. आणि कॉम्बोला सुट्या बर्गरपेक्षा थोडेसेच पैसे जास्त पडतात, म्हणून आपल्याला तो स्वस्त वाटतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका मधुमेही गृहस्थांना घरच्यांनी चिकन बर्गर बंद केला होता. ते शनिवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर 'व्हेज आहे, चालेल' म्हणून आलू टिक्की बर्गर, मोठे फ्राईज आणि मोठे कोल्ड्रिंक घेत. तीन महिन्यांची साखर काही हलेना. मी चिकन बर्गर परत सुरू केला, तळलेला नव्हे, तव्यावरचा. कोल्ड्रिंकच्या जागी पाणी किंवा ताक, फ्राईज चौघांत एक. पुढच्या तपासणीत साखर खाली आली. केवळ एवढ्यानेच आली असे मी म्हणणार नाही, एक गोळीही वाढवली होती. पण त्यांच्या घरातला शनिवारचा वाद मिटला आणि त्यांनी माझ्यापासून काही लपवणे थांबवले, याची किंमत मला गोळीपेक्षा कमी वाटत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणून हा हिशोब प्रत्येक घराने एकदा तरी करावा.

'व्हेज' म्हणजे हलका, असे नाही

आलू टिक्की बर्गर म्हणजे मैद्याच्या पावात बटाटा, त्याला वरून पावाचा चुरा, आणि तो तळलेला. पिष्टात पिष्ट. आपल्या वडापावचा हा शहरी चुलतभाऊ. चवीला कोण नाही म्हणेल? पण प्रथिने कमी आणि साखर वाढवणारे सगळे एकत्र, म्हणून मधुमेहींसाठी तव्यावरच्या चिकन पॅटीपेक्षा हा जड. शाकाहारी मंडळींनी राजमा, काळे चणे किंवा मसूर यांची, थोडा गाजर-बीट घातलेली, तव्यावर कमी तेलात भाजलेली पॅटी शोधावी. पनीरचा शेकलेला तुकडाही चांगला. अशी पॅटी मन लावून करणारी हॉटेले अजून मोजकी आहेत. ग्राहकांनी मागितली तर वाढतील.

केवढा आणि किती वेळात?

उभा धरला की तोंडात मावत नाही, मध्ये काडी खोचून उभा ठेवावा लागतो, सुरी-काट्याने खावा लागतो, तो बर्गर फोटोसाठी केलेला असतो. चांगला बर्गर एका घासात पाव, पॅटी, चीज आणि आंबटपणा सगळे देतो.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खायला दिले होते. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि खाण्याचा वेगही जास्त होता. पुरेसा चावावा न लागणारा, घशाखाली घसरणारा बर्गर पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायच्या आत संपतो. म्हणून बसून खा, सावकाश खा.

याच कारणाने बर्गर घरी मागवू नये असे मला वाटते. बंद डब्यातल्या वाफेने पाव ओला होतो, तपकिरी थर मऊ पडतो, आणि 'नंतर खाऊ' म्हणून तो टेबलावर पडून राहतो. शिजवलेले मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. उन्हाळ्यात तर एका तासाच्या आत संपवावे.

कोणी जास्त सांभाळावे?

- पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, साठीपुढचे लोक, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड घेणारे : अर्धकच्ची पॅटी आणि कच्च्या अंड्याचे मेयोनीज पूर्ण बंद.
- रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण : चीज, लोणच्यातली काकडी आणि फ्राईज यांपैकी किमान दोन वगळा. डॉक्टरांनी मिठाची कडक मर्यादा घातली असेल तर त्यांना विचारल्याशिवाय खाऊ नका.
- मधुमेही : गोड पेय नाही, फ्राईज वाटून. पावाचा वरचा अर्धा भाग काढून खाल्लात तर उत्तमच. इन्सुलिन घेत असाल तर डोस आणि जेवण यांचा मेळ तुमच्या डॉक्टरांकडून समजून घ्या.
- बर्गरनंतर रक्ती जुलाब, ताप किंवा लघवी कमी होणे, विशेषतः लहान मुलांत : घरी जुलाब थांबवण्याच्या गोळ्या किंवा उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

हॉटेलात शिरल्यावर

- जुन्या तेलाचा वास येतो का, ते पाहा.
- मागणी आल्यावर पॅटी तव्यावर पडते, की आधीच केलेली गरम करून मिळते? पाच-सात मिनिटे थांबावे लागले तर ते चांगले लक्षण आहे.
- कच्चे चिकन हाताळणारा हात त्याच हाताने लेट्यूस उचलतो का?
- यादीत पन्नास बर्गर आहेत की सात-आठ? माल ताजा ठेवायचा तर यादी छोटीच लागते.
- दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या साखळ्यांनी पदार्थासमोर कॅलरी लिहाव्यात असा नियम आहे. तो आकडा वाचा, आणि कॉम्बोचा तर आधी वाचा.
- पहिला घास सॉस न घालता पॅटीचा घ्या. तो आवडला नाही, तर पुन्हा त्या हॉटेलात जाण्याचे कारण नाही.

निरोगी प्रौढाने महिन्यातून एक-दोनदा असा नीट केलेला बर्गर खाल्ला तर मला त्यात वावगे वाटत नाही. हे माझे मत आहे, नियम नव्हे. रोजच्या ताटात भाजी-भाकरी, डाळ, ताक असेल तरच ते लागू. आठवड्यात चार दिवस बाहेरचे खाणाऱ्याने या परवानगीचा आधार घेऊ नये.

मुलांनाही "बर्गर वाईट" असे न शिकवता "हा बर्गर वाईट, तो बरा, आणि का" हे शिकवा. तव्याजवळ नेऊन दाखवा. पुढे ती दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात एकटी राहतील, तेव्हा ताटली परत पाठवायचे धैर्य त्यांच्याकडे हवे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबाबत आणि औषधांबाबत तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)